चिंचेवरच्या तीन हाका

वेळ पहाटे साडेपाचची. ठिकाण खळेगावच्या शिवेवरची जुनी चिंच.

“किती हाका?” सटवाजीबाबांनी विचारलं.

“तीन,” महिपती म्हणाला. “डाव्या फांदीवरून.”

सटवाजीबाबा पंचक्रोशीतले शेवटचे पिंगळा जोशी. झाडावरचं पिंगळा घुबड काय बोललं ते ऐकायचं आणि उजाडायच्या आत कुडमुडं वाजवत ते दारोदार सांगायचं, हा पिढीजात धंदा. महिपती चार वर्षं त्यांच्या मागून हिंडला होता. आज परीक्षा. पास झाला तर बाबांच्या कमरेचं ते कुडमुडं, ते छोटं डमरू, त्याला मिळणार आणि अठरा गावांची फेरी त्याची होणार.

“अर्थ?”

“सुगी भरून येणार. धान्याला धक्का नाही.” महिपतीला राहवलं नाही. “यात अवघड ते काय, बाबा? उगाच चार वर्षं घोळवलंत.”

“हुशार आहेस. मला वीस लागली.”

हा टोमणा होता, हे महिपतीला जरा उशिरा कळलं.

“नक्की ऐकलंस?”

“आईची शपथ.”

“मग वर चढ. ढोलीत हात घाल.”

तो चढला. हात घातला. कोळिष्टकं… वाळकी हाडं… आणि काहीतरी ऊबदार.

उंदीर होता. तो पळाला नाही. त्यानं महिपतीचं बोट हुंगलं आणि पुन्हा कुरतडायला लागला.

आता फटफटलं होतं. महिपतीनं वरून शेताकडे पाहिलं. बांधावर उंदीर बसले होते. दहा नाहीत, वीस नाहीत, बांधच्या बांध. उघड्यावर, निवांत. एकही आभाळाकडे बघत नव्हता.

तो घाईनं उतरला.

“बाबा, ढोलीत पिंगळा नाही.”

“अकरा वर्षं झाली.”

“मग मघाशी…”

बाबांनी तंबाखू मळायला घेतली. “तेव्हा उंदीर माजले होते. तालुक्याहून जीप आली, उंदरांच्या विषाच्या गोळ्यांची पोती आली. लोक ठेवीनात. घरात पोरंबाळं, जनावरं. मग जीपमधले सायेब माझ्याकडं आले. म्हणाले, बाबा, तुमचं ऐकतात.”

“आणि तुम्ही?”

“फिरलो की. तीन पहाटा, अठरा गावं. पिंगळा म्हणतो, गोळी ठेवा.”

“पिंगळा म्हणाला होता?”

“नाही.”

चार वर्षं हा माणूस महिपतीला सांगत आला होता, पक्षी बोलला नाही तर दारात तोंड उघडू नकोस.

“उंदीर मेले?”

“मेले ना. मरायच्या आधी झिंगत उघड्यावर आले. पिंगळ्यांनी पोटभर खाल्ले, पिल्लांना भरवले.” बाबांनी चिमूट तोंडात टाकली नाही, तशीच हातात धरली. “उंदरीण महिन्या-महिन्याला विते. पुढच्या पावसाळ्यात उंदीर हजर. पिंगळ्याची जोडी वर्षातून एकदा अंडी घालते. घालायला उरलं कोण?”

“मग गोळ्या बंद केल्या असतील.”

“दुप्पट केल्या. अजून वाटतात.”

तेवढ्यात हाक आली.

एक… दोन… तीन.

दोघांनी वर पाहिलं. लख्ख उजाडलं होतं. डावी फांदी उघडी होती. तिच्यावरचं पानसुद्धा हललं नव्हतं.

बांधावरचे उंदीर खात राहिले.

“तुम्ही… तुम्ही ऐकलंत?”

बाबांनी कमरेचं कुडमुडं सोडलं आणि पुढे धरलं. “घे. पास झालास. जा, सांग दारोदार.”

“काय सांगू?”

बाबांनी कुडमुडं तसंच पुढे धरून ठेवलं.

महिपतीनं हात मागे घेतला. ज्या फेरीसाठी त्यानं चार वर्षं घालवली, तिचं पहिलं दार कोणतं, हेही त्याला त्या क्षणी आठवेना.

“बाबा, आधी एवढं सांगा… ओरडतं कोण?”

म्हाताऱ्यानं वाकून चिंचेच्या बुंध्याजवळची माती हातानं सारखी केली.

“एकतीस पिंगळे पुरले इथं. बत्तिसावा फडक्यात बांधून तालुक्याला नेला. सायबानं बघितला, म्हणाला, ठेवा टेबलावर. ते कशानं मेले, हे अजून कुणी कागदावर लिहिलेलं नाही.”