लोहवतीचा सवाई वर

पूर्वी त्रेतायुगात, शोणा नदीच्या तीरी लोहवती नावाचे धनधान्यसंपन्न राज्य होते आणि पैलतीरी विकटाक्ष असुराची नगरी होती. लोहवतीचा वृद्ध राजा यज्ञयागांत आणि नृत्यमंडपांत असा रमला, की शस्त्रागारात कोळ्यांनी जाळी विणली. तेव्हा विकटाक्ष नदी ओलांडून आला, त्याने गावे जाळली आणि राजाला निःशस्त्र गाठून मारले. हे आधीच सांगतो, कारण पुढची कथा ऐकून लोक त्याच्या पुत्राला मूर्ख ठरवून मोकळे होतात. बाबांनो, वज्रकेतू मूर्ख नव्हता, पोळलेला होता.

त्याने उग्र तप केले. ब्रह्मदेव प्रकट होताच तो म्हणाला, "भगवन्, माझे शस्त्रागार शत्रूच्या शस्त्रागाराहून सदैव सवाई असो!"

"तथास्तु," विधाता थकल्या स्वराने म्हणाला. "शस्त्रे मी घडवीन, लोखंड तुझ्या राज्यातले जाईल. तू 'पुरे' म्हणालास की वर संपेल. आणि ऐक, राजा, हाच वर काल विकटाक्षाने नेला."

"मग तर मला तो हवाच!"

झाले! सकाळी इकडची शस्त्रे सवाई, संध्याकाळी तिकडची. आधी खाणी आटल्या, मग गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा गेल्या, विळे गेले. विजयादशमीला शस्त्रांशेजारी नांगर मांडून पहिले कुंकू फाळाला लावायची लोहवतीची रीत होती. त्या वर्षी राजपुरोहित कुंकवाचे बोट घेऊन नुसताच उभा राहिला. फाळ उरलाच नव्हता.

राणी मेधावती म्हणाली, "आर्यपुत्र, ढाल नको असे मी म्हणत नाही. मामंजींचे कलेवर मीही पाहिले आहे. पण कोठारात आता केवळ बियाणे आहे. प्रजाच उरली नाही, तर ढाल कुणापुढे धरणार? पुरे म्हणा."

"देवी, मी म्हटले आणि त्याने म्हटले नाही, तर?"

खरे सांगू? इतकी वर्षे ही कथा सांगतोय, याचे उत्तर माझ्याजवळही नाही.

अखेर दोन्ही सैन्ये शोणेकाठी समोरासमोर उभी ठाकली. शस्त्रांचे डोंगर होते, पण ती उचलायला उपाशी दंडांत बळ नव्हते. वज्रकेतूचे ओठ हलले. पलीकडे विकटाक्षाचेही हलले. मग दोघेही थांबले, आधी दुसऱ्याने म्हणावे म्हणून.

मागे प्रजेत उभ्या मेधावतीने क्षणभर वाट पाहिली. मग बियाण्याची पोती उचलवून ती प्रजेसह अरण्यात निघून गेली. पैलतीरच्या असुरस्त्रियाही मुले कडेवर घेऊन त्याच वाटेने आल्या, आणि तिने त्यांना ओंजळ ओंजळ बी दिले. ते दोन राजे मात्र तिथेच, शब्द कंठात धरून, उभ्या उभ्या कोसळले.

शोणेच्या दोन्ही काठांवर तांबड्या गंजाच्या टेकड्या आहेत. त्यांवर गवत उगवत नाही. मेधावतीच्या वंशात जेवणारा मोठ्याने 'पुरे' म्हणेपर्यंत वाढणारा हात आखडत नाही, आणि लेकराला तो शब्द सर्वांआधी शिकवतात. वर मात्र अद्याप कुणी संपवलेला नाही. ब्रह्मदेव बिचारा अजून कान देऊन बसला आहे.