मृणालची पाटी

तासगावच्या द्राक्षांच्या शीतगृहात तापमान वाढलं की भोंगा वाजवणारा प्रोग्राम आठ दिवसांत हवा होता. तिथल्या मृणाल कोष्टीने तो पायथन या संगणकभाषेत लिहायला घेतला. पुण्याहून आलेले सल्लागार बैठकीत हसले.

"पायथन शाळेतल्या पोरांसाठी! सी प्लस प्लस घ्या. तिच्याइतकी समर्थ भाषा नाही."

शीतगृहाच्या अध्यक्षांनीही मान डोलावली. मृणाल मात्र हटली नाही.

"सर, आग लागल्यावर बाहेर पडायच्या दाराची पाटी संस्कृतात लिहू या? तीही समर्थ भाषा आहे."

"काहीतरीच काय मॅडम! धावपळीत ती वाचणार कोण?"

"तेच म्हणतेय. तुम्ही पुण्याला गेल्यावर प्रोग्राम अडला, तर तो वाचणार इथले आम्ही तिघं कर्मचारी. आणि आम्हाला पायथन येतं."

सल्लागारांनी सी प्लस प्लसचा आग्रह सोडला. सातव्या दिवशी चाचणीत भोंगा वाजला.