पिवळा ठिपका

"मग आवाज येतोय तरी कुठून, उस्ताद?"

पारिसनं तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर उस्ताद आमच्याकडे पाठ करून शेडमध्ये बसले होते. हातात पाना, पान्यावर फडकं. पुसतच राहिले...

"रागावलेत अजून," पारिस मला हळूच म्हणाला.

मी गाडीच्या मागच्या सीटवर होतो. मी म्हणजे सदानंद, डॉक्टर मालतीबाईंचा कंपाउंडर. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, पण बाईंनी अजून सोडलेलं नाही. गाडी बाईंची. बहात्तर सालची, एके काळी पांढरी. या गाडीत आठ बाळं जन्मली. दवाखान्यापर्यंत दम निघाला नाही त्यांना. मी तेव्हा पुढच्या सीटवर डोळे मिटून बसायचो, म्हणून आकडा पक्का ठाऊक आहे.

गेले तीन महिने तिच्या इंजिनातून ठक् ठक् ठक् असा आवाज यायचा. वेग वाढवला की आवाजही वाढायचा. बाई सकाळीच मला म्हणाल्या होत्या, "सदानंद, कण्हणारं माणूस मी आयुष्यभर बघितलं. कण्हणारी गाडी नाही बघवत. उद्या दहाला भंगारवाला येतोय. आज आवाज थांबला तर ठेवीन, नाहीतर जाऊ दे बिचारीला."

एवढं बोलून बाई आत गेल्या आणि देवघराची फरशी पुसायला लागल्या. ब्याऐंशीव्या वर्षी! मला कळायचं ते कळलं.

पारिस चौगुले म्हणजे जयसिंगपुरातल्या गॅरेजवाल्यांतलं मोठं नाव. काचेचं ऑफिस, गाड्या उचलायच्या चार लिफ्ट, बोर्डावर हा मोठा पिवळा ठिपका. त्यानं बाईंच्या गाडीचं इंजिन दोनदा उतरवलं. पिस्टन बदलले, रिंगा बदलल्या, बेअरिंगं बदलली. आवाज जसाच्या तसा. शेवटी म्हणाला, "काका, या गाडीला कॉम्प्युटर लावायची सोयच नाही. मी तरी काय करू?"

माझं डोकंच फिरलं. दंडाला धरून त्याला इथं आणला. यायला तयार नव्हता. नऊ वर्षांपूर्वी याच शेडमध्ये, उस्तादांच्या हाताखालचं काम सोडताना, तो त्यांना म्हणाला होता, "कानानं गाड्या दुरुस्त करायचे दिवस गेले, उस्ताद." तेव्हापासून त्यानं इथं पाऊल टाकलं नव्हतं.

"उस्ताद..." त्यानं पुन्हा हाक मारली.

उस्तादांच्या बायको, आमच्या चाची, चहाच्या कपबश्या घेऊन आल्या. आम्हा दोघांकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अरं, पाठीला काय बोलतोस? समोर जा त्यांच्या. दोन वर्सं झाली, कायबी ऐकू येत न्हाई त्यांना."

पारिसनं कपबशी न घेताच उस्तादांकडे बघितलं.

फाटकातून गाडी आत शिरायच्या आधी तिचा कुठला प्लग मेलाय हे सांगणारा माणूस तो. बाई गमतीनं म्हणायच्या, माझा स्टेथोस्कोप दस्तगीरला द्यायला हवा.

पारिस समोर गेला. उस्तादांनी मान वर केली. बराच वेळ बघितलं.

"पारशा? जाड झालास की रं."

"उस्ताद, बाईंची गाडी..."

पण उस्तादांचं लक्ष आता गाडीवर गेलं होतं. ते उठले. लंगडत आले, मडगार्डवर तळहात ठेवला आणि तिथंच उभे राहिले. गुरांच्या बाजारात विकलेली गाय पुन्हा दारात दिसावी, तसा चेहरा झाला होता म्हाताऱ्याचा.

"बाई हैत न्हवं?"

मी जोरजोरानं मान हलवली.

"आनि तूबी हैस, कंपाउंडर? लई पानी पाजलंस गावाला औषधात."

मी हसलो. डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू?

पारिसनं ओठ मोठे हलवत सांगितलं. ठक् ठक्. दोनदा इंजिन उतरवलं. उद्या सकाळी भंगार.

"चालू कर."

"पण उस्ताद, तुम्हाला..." पारिस मध्येच थांबला.

उस्तादांनी भिंतीवरची वेताची काठी काढली. हातभर लांब, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. पारिसनं ती लगेच ओळखली. एक टोक इंजिनावर, दुसरं कानाशी. याच काठीनं, याच गाडीवर उस्तादांनी त्याला ऐकायला शिकवलं होतं.

उस्तादांनी काठीचं टोक कानाशी नेलं नाही. दातांत धरलं.

"कान गेलं," काठी क्षणभर बाजूला करून ते म्हणाले. "दात हैत की चार. त्यातनं पोचतंय आत."

गाडी सुरू झाली. ठक् ठक् ठक्...

उस्ताद वाकले. काठी एका जागी टेकवायची, डोळे मिटायचे, थांबायचं. मग दुसऱ्या जागी. खाली, वर, मागे... मान नकारार्थी हलायची.

"इंजिन झ्याक बांधलंयस."

पारिसची छाती जरा वर आली.

मग काठी इंजिनाच्या बाजूला असलेल्या डायनामोवर टेकली. तिथंच राहिली.

उस्तादांनी खूण केली. पारिसनं गाडी बंद केली. उस्तादांनी फडकं घेतलं आणि डायनामोवरची धूळ सावकाश पुसली. खालून रंग वर आला. हरभऱ्याएवढा पिवळा ठिपका.

या शेडची एक रीत होती. जो ज्या भागाला हात लावेल, त्यानं काम झाल्यावर तिथं आपल्या रंगाचा ठिपका लावायचा. उस्तादांचा लाल, पारिसचा पिवळा. शेड सुटली तरी पारिसची ती सवय सुटली नव्हती. बोर्डावर तोच तर होता.

"ठिपका कशाला लावायचा, पारशा?"

"काम कुणाचं ते कळावं म्हणून."

"कुनाला?"

पारिस ठिपक्यावरची उरलेली धूळ अंगठ्यानं पुसायला लागला.

मला मात्र आठवलं. कुठलीही गाडी आवाज करत आली की उस्ताद आधी लाल ठिपके शोधत फिरायचे. स्वतःचं काम उघडून तपासायचे, आणि मग पोरांच्या कामाला हात घालायचे. आम्ही हसायचो त्यांना.

"आवाज कवापासनं हाय?"

"दिवाळीपासून."

"आनि ह्यो कवा बसिवलास?"

पारिसनं ठिपक्याकडे बघितलं. मग जमिनीकडे.

"...दिवाळीत."

उस्तादांनी पाना घेतला. डायनामो फिरवणारा पट्टा काढला, पारिसच्या हातात दिला आणि बोटानं खूण केली. गाडी सुरू झाली.

ठक् नाही की ठुक् नाही. इंजिन कसं शांत घुमत होतं.

मी "अरे वा!" म्हणून ओरडलोच. पारिस पट्टा धरून नुसता उभा. उस्ताद आळीपाळीनं आमच्या तोंडाकडे बघत होते.

"थांबला?" त्यांनी विचारलं.

पारिसनं मान हलवली.

पुढचं काम पारिसनंच केलं. डायनामोची पुली दांड्यावर घट्ट धरणारी लोखंडी पाचर दिवाळीत मिळाली नव्हती. त्यानं पत्र्याची पट्टी ठोकून वेळ मारून नेली होती. ती झिजली आणि पुली खुळखुळायला लागली. एवढंसं ते! आणि त्यापायी दोनदा इंजिन उतरलं. त्यानं पोलादाचा तुकडा घेतला आणि कानस मारून नवी पाचर केली. उस्ताद शेजारी बसून नुसते हात बघत होते. पुली बसली, पट्टा चढला. पारिसनं पिवळ्या ठिपक्याशेजारी नवा ठिपका लावला नाही. जुनाच पुसून पुन्हा लावला.

गाडी सुरू केली. मी मोबाइलवरून बाईंना फोन लावला आणि तो बॉनेटपाशी धरला. थोड्या वेळानं परत कानाला लावला.

मग बाई म्हणाल्या, "सदानंद, भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांग. आणि हळू चालव." आवाज ओला होता.

मी फोन खिशात घातला. उस्ताद पुन्हा इंजिनावर वाकले होते. काठी दातांत, डोळे मिटलेले.

"उस्ताद," पारिस त्यांच्या पाठीमागून म्हणाला, "त्या दिवशी मी तुम्हाला जे बोललो ना..."

उस्ताद हलले नाहीत.

पारिस वळसा घालून समोर गेला. पुन्हा बोलला. पण मिटल्या डोळ्यांना ओठ कसे दिसायचे? शेवटी त्यानं खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

उस्तादांनी डोळे उघडले. काठी दातांतून काढली.

"बंद का केलीस?"

"माफी मागायची होती, उस्ताद." पारिसनं एकेक शब्द सावकाश उच्चारला. "कानाबद्दल बोललो होतो... चुकलो."

उस्ताद त्याच्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी काठी पुन्हा उचलली.

"त्ये मागनं बघू. आधी चालू कर... लई दिसांनी कायतरी ऐकू येत हुतं."