पहिली ओंजळ मागच्याला

वेळुकखिंडीच्या माथ्यावर कातळात खोदलेले एक टाके आहे. घाट चढून आलेला माणूस तिथे आधी स्वतः पाणी पीत नाही. एखाद्या पाहुण्याने घाईने ओंजळ तोंडाला लावली, की खालच्या गावचे केरूनाना त्याला हटकतात, "थांबा पावणं, एवढा काय जीव जातोय? मागं कोण येतंय, ते बघा आधी." मग मागचा धापा टाकत वर येईपर्यंत ते हकीकत सांगतात.

फार पूर्वी एके दिवशी म्हणे राजमाता नंदसिरी विहाराच्या अंगणात भिक्खूंच्या चिवरांचे कापड फणसाच्या लाकडाच्या गाभ्यापासून काढलेल्या रंगात बुडवून घेत होती. तेवढ्यात निरोप आला. तिचा मुलगा, राजा खंदसेन, कोकणातल्या लढाईत जखमी झाला होता. त्याला डोलीतून वर आणत असताना खिंडीतच तो गेला.

हातातले कापड तिने पिळले, दोरीवर टाकले आणि विचारले, "शेवटी काही बोलला?"

"पाणी मागत होता, माय. पण कुणाजवळ थेंब नव्हता."

तो जिथे गेला तिथेच भिक्खूंसाठी लेणे खोदायचे आणि दर्शनी भिंतीत त्याची मूर्ती कोरायची, असे ठरले. भिक्खूंना निवारा मिळेल आणि आपल्याला लेकाचा चेहरा दिसेल, एवढेच तिला हवे होते. ती रोज डोलीतून वर येई आणि सावली सरकेल तशी सरकत तिथे बसून राही, असे सांगतात.

मूर्तीचा कोनाडा तासून झाला. त्याखालचा ओटा घडवताना मात्र इसिल पाथरवटाची छिन्नी नको तेवढी खोल गेली आणि कातळातला झरा फुटला. इसिल हात जोडून उभा राहिला.

"चूक झाली, माय. वाहू दिला तर भिंत ओल धरील. मूर्तीचं नाक-डोळं टिकायचं नाहीत."

"शिसं ओतून बुजवा," अमात्य म्हणाला.

"बुजवीन की. पण मग हे पाणी पुन्हा गावायचं नाही."

नंदसिरीने त्या ओल्या कातळावर हात ठेवला. मग म्हणाली, "बुजवू नका. इथं टाकं खोदा."

"लोक काय म्हणतील, आईसाहेब?" अमात्य म्हणाला. " लेकाची खूणसुद्धा ठेवली नाही, म्हणतील."

"म्हणू देत. पाणी पाणी करत गेला तो. त्याचा चेहरा दिसावा म्हणून मी वाटसरूंचं पाणी बुजवू?"

टाके भरले तेव्हा इसिलने पहिली ओंजळ तिच्यापुढे धरली. तिने मागे पाहिले. मिठाचे ओझे घेतलेला एक हमाल चढ चढून येत होता. "त्याला दे," ती म्हणाली. तेव्हापासून हा रिवाज पडला.

पुढे तिने साऱ्या घाटात टाकी खोदवली. दुसऱ्या एखाद्या कोरड्या कातळावर मूर्ती कोरू, असे अमात्याने वारंवार सुचवले. ती दर वेळी म्हणे, "आधी पुढचं टाकं." असे म्हणता म्हणताच ती थकली आणि गेली.

आजही टाक्यावर, लेण्याच्या दर्शनी भिंतीत, तो कोनाडा आहे. कडा नीट तासलेल्या, आतला दगड गुळगुळीत. मूर्ती कोरायची राहिली.