न बोललेलं म्हणणं

सुनावणी अधिकारी धुमाळसाहेबांसमोर उभं राहायचं म्हटलं, की केस पिकलेल्या वकिलांचीही गाळण उडायची. तारामती डोईफोडे तर वकिलीत नवख्या. हौसाबाईंच्या बचत गटाच्या रेशन दुकानाचा परवाना आज वाचला नाही, तर अकरा बायांच्या चुली विझणार होत्या.

दारातच कारकुनाने हजेरीवर सही घेतली आणि निकालाची प्रतही पुढे सरकवली. "हिची पोचही आत्ताच देऊन टाका, बाई. परत हेलपाटा नको."

तारामतींनी प्रत वाचली. परवाना रद्द! खाली आजची तारीख, साहेबांची सही. आणि सुनावणी तर अजून व्हायची होती.

आत जाताच साहेब गरजले, "दोन मिनिटं देतो. बोला!"

शेजारी हौसाबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. तारामतींनी ती प्रत टेबलावर ठेवली.

"साहेब, यात लिहिलंय की माझं म्हणणं आपण सविस्तर ऐकलं आणि ते आपल्याला पटलं नाही. मी काय म्हणाले, तेवढं वाचून दाखवता का? चुकून भलतंच बोलून गेले, तर आपला निकाल खोटा पडायचा."

साहेबांनी दारातल्या कारकुनाकडे असं पाहिलं, की तो भिंतीला चिकटला. मग त्यांनी निकाल टराटरा फाडला आणि पेनाचं टोपण काढलं.

"बसा, बाई. सावकाश बोला. मी लिहून घेतो."

तारामतींनी आधी हौसाबाईंना खुर्चीत बसवलं, मग स्वतः बसून बोलायला सुरुवात केली.