ओस विहारातली खोली

“मग उपयोग काय झाला, भंते?”

नागितनं हे तिसऱ्यांदा विचारलं. तरुण श्रामणेर. भिक्खूचं वस्त्र, चीवर, अंगावर घेऊन वर्ष झालं होतं. वादात कुणाला हार जायचा नाही.

त्याचे गुरू, भदंत उपसेन, मोडक्या खांबाला टेकून बसले होते. चढणीनं त्यांना धाप लागली होती.

रानातला जुना विहार. अर्धं छत कोसळलेलं. भिंतीत पिंपळाची मुळं शिरलेली.

“इथे शेकडो भिक्खू राहायचे,” नागित म्हणाला. “पहाटे रांगेनं भिक्षेला खाली उतरायचे. बाया भात घेऊन दारात वाट बघत उभ्या असायच्या. सगळा डोंगर वंदनेनं घुमत असेल... आणि आज? आपल्याकडे रविवारी तीन म्हाताऱ्या येतात. त्यातली एक झोपते.”

“ती माझ्या प्रवचनाला झोपते. तुझ्या प्रवचनाला तिघीही झोपतात.”

नागित हसला नाही.

“हे हरले, भंते. हरलेल्यांचं चीवर मी का घालू? आज इथेच उतरवतो. पिशवीत शर्टपँट आणलीय.”

“इस्त्रीची?”

“भंते...”

“उतरव. पण आधी ही खोली झाड.”

“कशाला? इथे कोण राहायला येणार आहे?”

“अजून चीवर अंगावर आहे. झाड.”

नागितनं निरगुडीची फांदी मोडली. रागारागानं झाडू लागला. पाचोळा, वटवाघळांची घाण, छताची माती. धुळीनं त्याला ठसका लागला, तरी तो थांबला नाही.

कोपऱ्यातली माती सरली आणि फांदी कशाला तरी अडली.

तीन दगड नीट मांडलेले. त्यांवर मातीचं मडकं, पालथं घातलेलं.

मुक्काम सोडताना भिक्खू खोली झाडतो आणि पाण्याचं मडकं पालथं घालून जातो. मागून येणाऱ्याला ते स्वच्छ मिळावं म्हणून. नागितला हा नियम पहिल्याच आठवड्यात शिकवला होता.

त्यानं मडकं उचललं. काठाचा टवका उडाला होता. आत मात्र मातीचा कणही नव्हता.

ते हातात धरून तो खाली बसला.

“इथून जो शेवटचा गेला...”

“हं.”

“मागे कुणी उरलं नाही, हे त्याला दिसलं असेल ना?”

“डोळे होते त्याला.”

“मग हे त्यानं कुणासाठी ठेवलं?”



नागितला पुन्हा ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. ते ठसक्यानंच आलं असेल.

बाहेर कड्यात कोरलेलं पाण्याचं जुनं टाकं होतं. काठोकाठ भरलेलं. उपसेननी तिकडे हनुवटी वळवली.

“घशात धूळ गेलीय तुझ्या. जा, त्या मडक्यातून पाणी भरून आण.”