गोजराबाईच्या नळ्या

फार वर्षांपूर्वी, म्हणजे माझ्या आजोबांच्या आजोबांनाही जे साल कुणीतरी सांगितलेलं होतं, त्या सालची ही गोष्ट. ती खरी आहे अशी शपथ मी घेणार नाही. बोरखळीचा माणूस आहे मी, आणि आम्ही बोरखळीकर सख्ख्या भावाचाही शब्द दोनदा पारखून घेतो. तेव्हा तुम्हीही ऐका आणि पारखा.

त्या काळी गावाच्या कडेला, ओढ्यालगत गोजराबाई नावाची बुरूड बाई राहायची. सुपं, टोपल्या, कणग्या विणायची. एकटीच होती. हात सोन्याचे, पण तोंडाला कुलूप. आता एकटी बाई, वर अबोल, त्यात रोज ओढ्याकाठच्या रुईच्या झुडपांत वाकून काहीतरी वेचते आणि बांबूच्या नळीत भरते. गावाला आणखी काय लागतं? ती करणी करते, असं म्हणतात. म्हणजे तेव्हा म्हणायचे.

त्या साली ज्वारीवर चिकटा पडला. चिकटा म्हणजे मावा. पानाच्या पोटाशी बसून रस पिणारे बारीक किडे. पानं तेलाचा हात फिरवावा तशी चकचकीत झाली, मग काळी पडू लागली. कणसं अजून पोटऱ्यातून बाहेर यायची होती. ज्वारी गेली तर वर्षभर खायचं काय, या काळजीनं माणसं सैरभैर झाली होती. अशा वेळी गोजराबाई एका रानात नळीचं बूच काढून काहीतरी सोडताना सापडली.

तिला पारावर आणली. नळी उपडी केली तर आतून अळ्या निघाल्या. काळ्या, लांब पायांच्या, अंगावर नारिंगी ठिपके. बघूनच शिसारी यावी अशा.

“काय सोडायलीस गं आमच्या रानात?” लोक ओरडले.

“सगळ्यांच्याच रानात सोडल्यात,” ती म्हणाली. “चिकटा खात्यात त्या. मोठ्या झाल्या की लाल हुत्यात, पाठीवर काळे ठिपके. रुईवर बघितलं मी. चार दिस थांबा.”

थांबतंय कोण! कुणी म्हणालं, हिनंच चिकटा आणला. कुणी म्हणालं, हिला सुपं खपवायचीत. पीकच गेलं तर सुपात पाखडणार काय, हे एकालाही सुचलं नाही. संशयाला डोळे फार आणि डोकं कमी. वेळ अमावस्येच्या, म्हणजे रानात जाऊन पिकाची पूजा करायच्या सणाच्या, आत बाई गावाबाहेर आणि अळ्या पाण्यात, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव रानात उतरलं. ज्वारीची ताटं झाडून अळ्या सुपात पाडायच्या आणि उकळत्या पाण्यात ओतायच्या. सुपं अर्थात गोजराबाईनंच विणलेली. एका रानातून दुसऱ्या रानात अशी ती फौज निघाली आणि दगडू पाटलाच्या बांधाशी येऊन अडली. हा दगडू संशयात आम्हा सर्वांचा गुरू. त्यानं वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या आणि काठी घेऊन उभा राहिला.

“अळ्या वेचायच्या निमतानं माझी करडई तुडवणार, हरभरा चोरणार. वळकतो मी एकेकाला. पाय टाकायचा न्हाई!”

त्याचं रान तेवढं राहिलं.

गोजराबाई त्याच दुपारी गेली. रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. ती वेस ओलांडत होती तेव्हा ओढ्याकाठच्या रुईवरून लाल किड्यांचा थवा उठला आणि तिच्या डोक्यावर सावली धरून गेला, असं म्हणतात. मला ते पटत नाही. पण ती एकटी गेली असेल, हे त्याहून पटवून घ्यावंसं वाटत नाही.

आठ दिवसांनी वेळ अमावस्या आली. गाव आंबील-भज्जी घेऊन रानात गेलं आणि गाठोडी न सोडताच बांधावर उभं राहिलं. ताटं काळी ठिक्कर, पोटऱ्यातच कणसं वाळलेली. आणि दगडू पाटलाची ज्वारी हिरवीगार उभी.

झालं! लगेच बोटं त्याच्याकडे वळली. “तू तिला सामील हुतास. म्हणून आडवा आलास!”

पाटील संतापला. “मी सामील? मी तिच्यावर बी इस्वास ठेवला न्हाई आणि तुमच्यावर बी न्हाई!” त्यानं एक अळी असलेलं ताट धरलं आणि फतकल मारून समोर बसला. “आता ही काय खाते ते मीच बघतो.”

तीन दिवस तीन रात्री तो पापणी न लववता बसला आणि अळीच्या चावण्याचा आवाज पार वेशीपर्यंत ऐकू गेला, असं म्हणतात. मला वाटतं, एक दुपार पुरली असेल. अळी पानाला शिवली नाही. तिनं एकेक मावा उचलला आणि खाल्ला. पाटलानं शेजारच्याला जवळ ओढलं. त्यानं पाहिलं, मग त्याच्या बायकोनं, मग सगळ्यांनी. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना.

मग गोजराबाईला शोधायला माणसं पळाली. पाटील सर्वांच्या पुढे, अनवाणी. सात गावं पालथी घातली. वाटेत जिथं जिथं रुई होती तिथं तिथं एकेक रिकामी नळी टांगलेली सापडली. बाई सापडली नाही.

अजूनही बोरखळीत ओढ्याकाठची रुई कुणी तोडत नाही. वेळ अमावस्येला आंबिलीचा पहिला द्रोण तिथं ठेवतात, बाईच्या नावानं. अनोळखी किडा दिसला तर तो बांबूच्या नळीत घालून पारावर आणतात आणि घरातलं वडीलधारं माणूस तो काय खातो ते बघत बसतं. आणि कुणी कुणाकडे बोट दाखवलं, मग तो चोरीचा आळ असो की चेटकाचा, तर पारावरची म्हातारी माणसं एकच विचारतात, “खाताना बघितलास का?”

बहुतेक वेळा बोट खाली येतं. एवढा एक प्रश्न विचारायला शिकण्यासाठी आम्ही एक बाई घालवली.